शून्य, एक आणि जॉर्ज बूल

डिजिटल लॅबमधलं सॉफ्टवेअर कधी एका जागी थांबत नाही. नवीन आवृत्ती येते, मेनू इकडचा तिकडे जातो, गेटची चित्रं बदलतात, सीनियर्सनी पेन ड्राइव्हमधून दिलेल्या फाइल्स उघडायला कुरकुर करतात आणि प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री होस्टेलवर एकच गोंधळ उडतो! पण मित्रांनो, एक गोष्ट कुठल्याही आवृत्तीत बदललेली नाही. अँड गेटच्या दोन्ही इनपुटना एकच वायर जोडून पाहा. एक दिलात तर एक येईल, शून्य दिलात तर शून्य येईल. जे आत जाईल तेच बाहेर. सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीचं असो, फुकटचं असो की लाखाचं, हा नियम तोच.

हा नियम १८४७ साली कागदावर उतरला. तेव्हा विजेचा दिवा घराघरात नव्हता, ट्रान्झिस्टर तर शंभर वर्षं लांब होता. आणि ज्याने तो लिहिला तो इंजिनीअर नव्हता. इतकंच काय, विद्यार्थी म्हणून तो कधी कुठल्या कॉलेजची पायरीही चढला नव्हता. त्याचं नाव जॉर्ज बूल.

बूलियन हा शब्द आपण रोज वापरतो. बूलियन अल्जिब्राचे नियम लिहा, हा प्रश्न हमखास येतो आणि आपणही तो हमखास पाठ करून जातो. पण पुस्तकात बूलसाहेबांच्या वाट्याला फार तर दोन ओळी आणि कल्ल्यांचा एक फोटो येतो. मी मोताळ्याची. मलकापूर स्टेशनवरून बुलढाण्याकडे निघालं की राजूर घाट चढायच्या आधी लागतं ते. गाव सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, म्हणजे नक्की कुठे? त्यामुळे लहान गावातून आलेली, मोठ्या कॉलेजचा शिक्का नसलेली माणसं जगात काय करतात याची मला जरा जास्तच उत्सुकता असते. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे बूलविषयी सगळं वाचलं इंग्रजीतून, पण सांगावंसं वाटलं घरच्या भाषेत.

२ नोव्हेंबर १८१५ रोजी इंग्लंडमधल्या लिंकन या गावी जॉर्जचा जन्म झाला. वडील जॉन बूल जोडे शिवायचे, आई लग्नाआधी मोठ्या घरी मोलकरीण होती. आता वडिलांचा धंदा जोड्यांचा खरा, पण जीव अडकलेला दुर्बिणीत! भिंगं घासायची, यंत्रं जुळवायची, गणित सोडवायचं, यात त्यांचा दिवस जायचा आणि दुकानाकडे दुर्लक्ष व्हायचं. घरात पैसा नव्हता, पण पोराला गणिताची आणि यंत्रांची गोडी मात्र लागली. गावात एक पुस्तकविक्रेता होता, त्याने जॉर्जला लॅटिनचे पहिले धडे दिले. पुढची ग्रीक भाषा जॉर्ज स्वतःच शिकला.

चौदा वर्षांचा असताना त्याने एका ग्रीक कवितेचं भाषांतर केलं. वडिलांनी मोठ्या कौतुकाने ते गावच्या वर्तमानपत्रात छापायला दिलं, आणि झालं उलटंच. एका शाळामास्तरांनी जाहीर शंका घेतली, की चौदा वर्षांच्या पोराला हे जमणं शक्य नाही, कुठून तरी उतरवलं असणार. वाद वर्तमानपत्रात रंगला. आपल्याकडेही असंच होतं ना? जोडे शिवणाऱ्याच्या पोराने ग्रीक वाचलं हे लोकांना आधी खोटंच वाटतं. जॉर्जने त्यावर फ्रेंच, जर्मन, इटालियन एवढ्या भाषा शिकून घेतल्या. त्या पुढे त्याच्या फार कामी आल्या, कारण त्या काळचं चांगलं गणित फ्रेंच आणि जर्मन भाषेत लिहिलेलं होतं.

सोळाव्या वर्षी घराचा डोलारा कोसळला. वडिलांचा धंदा बुडाला आणि आईवडील, बहीण, भाऊ या सगळ्यांची जबाबदारी जॉर्जवर आली. १८३१ मध्ये तो डॉनकास्टर इथल्या एका शाळेत सहायक शिक्षक म्हणून लागला. ती नोकरी दोन वर्षांत गेली. शाळा कर्मठ धार्मिक मंडळींची होती आणि हा रविवारी, देवाच्या दिवशी, गणितं सोडवत बसायचा. पालकांच्या तक्रारी गेल्या म्हणतात.

पण याच डॉनकास्टरमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे त्याने गणिताची पुस्तकं विकत घ्यायला सुरुवात केली, आणि त्यामागचं कारण ऐकून मला फार आवडलं. पगार तुटपुंजा होता. कादंबरी दोन दिवसांत संपते, कविता आठवड्यात, पण गणिताचं एक पुस्तक महिनोन्‌महिने पुरतं! म्हणजे पैशाच्या हिशेबाने सर्वांत स्वस्त वाचन गणिताचं. लाक्र्वाचं कॅल्क्युलस त्याने असंच एकट्याने पार केलं, नंतर लाग्रांज, लाप्लास. शिकवायला कोणी नव्हतं, त्यामुळे एका पानावर आठवडाच्या आठवडा अडकायचा. पुढे त्याला स्वतःलाच वाटायचं की चांगला गुरू असता तर ही वर्षं वाचली असती. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्वतः शिकणं थोर वगैरे आपण म्हणतो, पण ज्याने ते भोगलं त्याला त्याची किंमत माहीत होती.

दुसरी गोष्ट, सतरा वर्षांचा असताना शेतातून चालता चालता त्याच्या मनात एक कल्पना चमकून गेली. निसर्गाचे नियम जसे समीकरणात मांडता येतात, तसे माणसाच्या विचारांचे नियमही मांडता येतील का? ही हकीकत पुढे त्याच्या बायकोने लिहून ठेवली. त्या वेळी त्याने यावर काहीच केलं नाही. कल्पना तशीच पडून राहिली, थोडीथोडकी नाही, चौदा वर्षं.

एकोणिसाव्या वर्षी त्याने लिंकनला परत येऊन स्वतःची शाळा काढली. म्हणजे आपण ज्या वयात बॅकलॉगची काळजी करतो त्या वयात हा हेडमास्तर! दिवसभर मुलांना शिकवायचं, रात्री स्वतःचं गणित. लिंकनमध्ये त्या सुमारास मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. कारागिरांनी, कामगारांनी संध्याकाळी येऊन वाचावं, व्याख्यानं ऐकावीत, यंत्रं पाहावीत अशी ती संस्था. जॉर्जचे वडील तिची देखभाल करायचे. रॉयल सोसायटीची प्रकाशनं तिथे यायची आणि जॉर्जला ती वाचायला मिळायची. मला विचाराल तर बूलचं खरं कॉलेज हेच. ना प्रवेश परीक्षा, ना डोनेशन. १८३५ मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने इथेच न्यूटनवर व्याख्यान दिलं. आणि पुढे १८४७ मध्ये, गावातल्या दुकानांच्या नोकरांना लवकर सुट्टी मिळावी म्हणून जी चळवळ चालली होती तिच्या व्यासपीठावरूनही तो बोलला. रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या पोरांना वाचायला वेळ कुठून मिळणार, हा प्रश्न त्याला पुस्तकातून कळलेला नव्हता.

केंब्रिजमधून तेव्हा गणिताचं एक नवं मासिक निघत होतं. संपादक होता डंकन ग्रेगरी, स्वतःही तरुण. बूलने लेख पाठवले, ग्रेगरीने ते छापले. बूलने एकदा त्याच्याकडे विचारणा केली, की केंब्रिजला येऊन रीतसर पदवी घेऊ का? ग्रेगरीने सांगितलं की पदवीसाठी ठरलेला अभ्यासक्रम घोकावा लागेल, स्वतःचं संशोधन बाजूला ठेवावं लागेल. शिवाय घरच्या माणसांचं पोट बूलच्या शाळेवर अवलंबून. त्याने पदवीचा विचार सोडून दिला. १८४४ मध्ये रॉयल सोसायटीकडे पाठवलेल्या त्याच्या शोधनिबंधाचीही अशीच गंमत झाली. लेखक कोण, कुठला, कोणाला माहीत नाही. एका परीक्षकाचं मत नाकारावा असं, तर दुसऱ्याचं मत याला सुवर्णपदक द्यावं असं! शेवटी पदक मिळालं.

आता येतो आपल्या अभ्यासक्रमाचा भाग. १८४७ च्या सुमारास तर्कशास्त्रावरून दोन विद्वानांत भांडण जुंपलं होतं. एक स्कॉटलंडचे तत्त्वज्ञ सर विल्यम हॅमिल्टन आणि दुसरे गणिती ऑगस्टस डी मॉर्गन. होय, तेच, ज्यांची दोन प्रमेयं आपण सिद्ध करतो. हे डी मॉर्गन जन्माने आपल्याकडचे बरं का, १८०६ साली मदुराईत जन्मलेले. या भांडणामुळे बूलच्या मनात चौदा वर्षं पडून असलेली ती शेतातली कल्पना पुन्हा जागी झाली. त्याच वर्षी त्याने शंभर पानांच्याही आतलं एक पुस्तक लिहून प्रसिद्ध केलं. तर्कशास्त्र ही तत्त्वज्ञानाची नव्हे तर गणिताची शाखा आहे, असा त्याचा रोख.

त्याची युक्ती सोपी आहे, आणि पुस्तकात ती ज्या तऱ्हेने येते त्यापेक्षा कितीतरी गोड आहे. समजा आपण गुरांच्या बाजारात उभे आहोत. क्ष म्हणजे बैल. बाजारातल्या सगळ्या जनावरांतून फक्त बैल निवडायचे, ही क्रिया म्हणजे क्ष. य म्हणजे पांढरी जनावरं निवडणं. मग क्ष गुणिले य म्हणजे पांढरे बैल. आधी बैल निवडून त्यातले पांढरे काढा, नाहीतर आधी पांढरी जनावरं निवडून त्यातले बैल काढा, उत्तर एकच. म्हणून क्षय बरोबर यक्ष. इथपर्यंत नेहमीच्या बीजगणितासारखंच आहे. पण आता बैलांतून पुन्हा बैल निवडा. काय उरतं? तेच बैल! म्हणजे क्ष गुणिले क्ष बरोबर क्ष. क्षचा वर्ग बरोबर क्ष.

शाळेच्या बीजगणितात हे चालत नाही. दोनाचा वर्ग चार, तीनाचा नऊ. मग कुठल्या आकड्यांना हा नियम लागू पडतो? समीकरण सोडवून पाहा, दोनच उत्तरं येतात. शून्य आणि एक. बस्स! आपल्या सगळ्या डिजिटल जगाचे दोन आकडे इथून आले. विजेच्या चालू-बंद बटणावरून नव्हे, बैलांतून बैल निवडण्यावरून. एक म्हणजे अख्खा बाजार, शून्य म्हणजे काहीच नाही, आणि एक वजा क्ष म्हणजे बैल सोडून बाकी सगळं, आपलं नॉट गेट. बूलने हाच नियम जरा फिरवून लिहिला, क्ष गुणिले एक वजा क्ष बरोबर शून्य. म्हणजे बैल आहे आणि बैल नाही असं जनावर बाजारात मिळणार नाही. ॲरिस्टॉटलपासून विद्वान ज्याला विचाराचं मूळ तत्त्व मानत आले, ते एका ओळीच्या समीकरणातून बाहेर पडलं.

१८४९ मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात नवं सरकारी कॉलेज निघालं आणि बूल तिथे गणिताचा पहिला प्राध्यापक झाला. अर्ज त्याने १८४६ मध्येच केला होता. अर्जात पदवीच्या जागी लिहायला काही नव्हतं, म्हणून जोडली होती ती डी मॉर्गनसारख्यांची शिफारसपत्रं. आयर्लंड तेव्हा बटाट्याच्या भीषण दुष्काळातून नुकतंच बाहेर पडत होतं. तिथे त्याने १८५४ मध्ये विचारांच्या नियमांवरचा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १८५७ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. पदव्याही आल्या, पण सगळ्या मानद. डब्लिनने दिली, ऑक्सफर्डने दिली. परीक्षा देऊन मिळवलेली पदवी शेवटपर्यंत एकही नव्हती.

कॉर्कमध्येच त्याची मेरी एव्हरेस्टशी ओळख झाली. तिचे मामा त्याच कॉलेजात ग्रीकचे प्राध्यापक होते. एव्हरेस्ट हे आडनाव ऐकून तुमचे कान टवकारले असतील, आणि बरोबरच आहे. मेरीचे सख्खे काका म्हणजे सर जॉर्ज एव्हरेस्ट, भारताचे सर्व्हेयर जनरल, ज्यांचं नाव पुढे त्या शिखराला मिळालं. आणि इथे ही गोष्ट चक्क आपल्या वऱ्हाड-विदर्भाच्या दाराशी येऊन पोचते. दक्षिणेतून उत्तरेकडे अख्खा देश त्रिकोणांनी मोजत आणणारे विल्यम लँबटन २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला मुक्कामात वारले. त्यांची कबर तिथेच आहे. त्यांच्यामागे मोजणीची सूत्रं आली त्यांचा सहायक एव्हरेस्टकडे, आणि वऱ्हाडातून उत्तरेला ते काम त्याने पुढे नेलं. दहावीला ज्या त्रिकोणमितीने आपल्याला छळलं तिचं एवढं मोठं प्रॅक्टिकल आपल्या भागात झालं होतं, हे मला तरी शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

म्हातारपणी मेरीने एक पत्र लिहिलं, ते १९०१ सालचं, आपल्या जगदीशचंद्र बोसांना उद्देशून. त्यात ती म्हणते की काका भारतात राहून भारतीय विचार शिकले आणि त्यांच्यामार्फत त्याचा प्रभाव बॅबेज, डी मॉर्गन आणि बूल यांच्यावर पडला. हे वाचून छाती फुगते खरी. पण बूलच्या स्वतःच्या लिखाणात याला भक्कम आधार सापडत नाही आणि इतिहासकारही ते सावधपणेच घेतात. तेव्हा कंप्युटर आमच्याच वेदांतून आला वगैरे एसएमएस कोणी पाठवले तर जरा थांबावं. हिंगणघाटची कबर मात्र खरी आहे, ती जाऊन बघता येते.

मेरी जॉर्जपेक्षा सतरा वर्षांनी लहान. आधी तो तिला पत्रांतून गणित शिकवायचा. १८५५ मध्ये तिचे वडील वारले आणि ती एकटी पडली, तेव्हा त्यांनी लग्न केलं. मुलींना विद्यापीठात प्रवेशच नव्हता, पण नवऱ्याच्या डिफरेन्शियल इक्वेशन्सच्या पुस्तकाचं हस्तलिखित तपासायचं काम हीच करायची. समजायला अवघड जिथे वाटेल तिथे खूण करायची, आणि तो ते सोपं करून पुन्हा लिहायचा. आपल्या एम-थ्रीच्या पुस्तकांना अशी एखादी मेरी मिळाली असती तर! नऊ वर्षांत त्यांना पाच मुली झाल्या.

२४ नोव्हेंबर १८६४. घरापासून कॉलेज साधारण तीन मैल. धो धो पाऊस पडत होता आणि बूल नेहमीप्रमाणे चालत निघाला. चिंब भिजून पोचला आणि तशाच ओल्या कपड्यांत त्याने लेक्चर घेतलं. ताप चढला, तो फुप्फुसात उतरला. मेरीच्या माहेरी होमिओपॅथीवर फार श्रद्धा. ज्याने रोग झाला त्यानेच तो बरा होतो या समजुतीने तिने त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं असं सांगतात. खरं असो नसो, ८ डिसेंबर १८६४ रोजी बूल गेला. वय फक्त एकोणपन्नास. सर्वांत धाकटी मुलगी त्याच वर्षी जन्मलेली, पाळण्यात होती.

मेरी पाच मुलींना घेऊन इंग्लंडला परतली. लंडनमधल्या मुलींच्या एका कॉलेजात तिने ग्रंथपालाचं काम धरलं आणि पुढे लहान मुलांना गणित कसं शिकवावं यावर पुस्तकं लिहिली. पुठ्ठ्याला भोकं पाडून दोऱ्याने सरळ रेषा ओवत गेलं की आपोआप वक्र तयार होतो, ही शाळेतल्या क्राफ्टची गंमत तिचीच. मुलींचं काय झालं ते तर ऐकाच. ॲलिशियाने कॉलेजचं तोंड न पाहता चार मितींच्या आकृत्या डोळ्यांपुढे उभ्या केल्या, त्यांचे पुठ्ठ्याचे नमुने केले आणि १९१४ मध्ये नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेन विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. बापासारखीच, मानद! लूसी रसायनशास्त्राची प्राध्यापक झाली. धाकटी एथेल कादंबरीकार झाली. आणि थोरल्या मेरी एलनच्या वंशात, बूलच्या नातवाचा नातू शोभावा असा एक जेफ्री हिंटन नावाचा माणूस निघाला, ज्याला न्यूरल नेटवर्कवरच्या कामासाठी २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. शून्य-एकवाल्या आजोबांचा वंशज, आणि काम कशावर, तर शून्य आणि एकच्या मधल्या आकड्यांवर!

बूलच्या बीजगणितालाही अपडेट्स आल्या, हे मला सगळ्यांत मजेशीर वाटलं. आपण पाठ करतो ते जसंच्या तसं बूलचं नाहीच. त्याची बेरीज वेगळी होती. बैल अधिक पांढरी जनावरं अशी बेरीज तो करू द्यायचा नाही, कारण पांढरे बैल दोनदा मोजले जातील. एकमेकांत न मिसळणारे गटच जोडायचे, असा त्याचा दंडक. विल्यम जेव्हन्स नावाच्या तरुणाने त्याला पत्रं लिहून सुचवलं, की क्ष अधिक क्ष बरोबर क्ष असं का मानू नये? बूलला ते पटलं नाही. जेव्हन्सने मात्र आपली दुरुस्ती छापली. आज आपलं ऑर गेट चालतं ते जेव्हन्सच्या नियमाने. जेव्हन्स एवढ्यावर थांबला नाही. त्याने पियानोसारखं दिसणारं लाकडी यंत्र बनवून घेतलं, कळा दाबल्या की तर्काचं उत्तर समोर! १८७० मध्ये ते रॉयल सोसायटीत दाखवलं गेलं. लॉजिक सिम्युलेटरचा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही. नंतर व्हेनने वर्तुळं काढली. अमेरिकेत पर्स यांनी आणि १९१३ मध्ये शेफर यांनी दाखवलं की नुसत्या नँडवर सगळं काम भागतं.

तरी हे सगळं तत्त्वज्ञांच्या आणि गणितींच्या कपाटात पडून होतं. १९३७ मध्ये एमआयटीत एकवीस वर्षांचा क्लॉड शॅनन एका अवाढव्य यंत्रावर काम करत होता. त्या यंत्राच्या नियंत्रणासाठी शंभरेक रिले होते. त्याने आधीच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा एक कोर्स घेतला होता, त्यात बूल भेटला होता. रिलेंच्या जोडण्या पाहून त्याला उमगलं की सिरीज आणि पॅरलल हे बूलच्या दोन क्रियांसारखेच वागतात. तोच त्याचा मास्टर्सचा प्रबंध. जपानमध्ये नाकाशिमा, रशियात शेस्ताकोव्ह हेही त्याच सुमारास तिथवर पोचले होते. १९५३ मध्ये कार्नोने मॅप दिला, आणि १९६० मध्ये मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतात बनलेला संगणक पूर्णपणे चालू झाला. व्हॅक्यूम ट्यूबवर चालणाऱ्या या यंत्राला १९६२ मध्ये नेहरूंनी टिफरॅक असं नाव दिलं.

राहिला आपला सिम्युलेटर. अमेरिकेतले प्राध्यापक कार्ल बर्च यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी लॉजिसिम लिहिला. जावामध्ये, फुकट, आणि सोर्स कोड सगळ्यांना खुला. त्यात वायरीत एक असेल तर ती झळझळीत हिरवी, शून्य असेल तर गडद हिरवी, तिच्यावर कुठूनच किंमत येत नसेल तर निळी, आणि दोन आउटपुट एकमेकांवर आदळले तर लाल. ट्रूथ टेबल भरा, कार्नो मॅप समोर येतो, सर्किट आपोआप काढून मिळतं. ट्रेनर किटच्या वायरी हलवत बसायला नको, उलटा जोडला म्हणून आयसी जळायला नको. ज्या लॅबमध्ये एका किटभोवती पाच जण उभे राहतात आणि हात एकाचाच चालतो, तिथल्या बाकीच्या चौघांना विचारा याचं मोल.

२०१४ मध्ये बर्च यांनी लॉजिसिमचं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं. विकत घेतलेलं सॉफ्टवेअर असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कोड खुला होता, आणि स्वित्झर्लंडमधल्या तंत्रशिक्षण संस्थांतल्या मंडळींनी तो आधीच हाती घेऊन लॉजिसिम-इव्होल्यूशन या नावाने पुढे न्यायला सुरुवात केली होती. टायमिंग डायग्राम आले, व्हीएचडीएल आलं, काढलेलं सर्किट थेट एफपीजीए बोर्डवर उतरवायची सोय आली. आपल्याकडे बंगळुरूच्या ट्रिपल आयटीतल्या विद्यार्थ्यांनी ब्राउझरमध्ये चालणारं सर्किटव्हर्स उभं केलं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने ईसिम दिलं, आधी त्याचं नाव ऑस्कॅड, मग फ्रीईडीए, मग ईसिम. त्यात ॲनालॉग आणि डिजिटल सर्किट एकत्र तपासता येतं, आणि त्याच आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात कितीतरी सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात. मोताळ्यातल्या एखाद्या पोरीकडे जुनापाना लॅपटॉप आणि अधूनमधून येणारं नेट असलं तरी पुरतं, एकदा उतरवून घेतलं की लॉजिसिमला नेट लागत नाही.

जाता जाता एक उपयोगाचं. लॉजिसिम-इव्होल्यूशनच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर काय दुरुस्त केलं याची यादी येते. ती जरूर वाचा. फ्लिप-फ्लॉप चुकीच्या कडेवर बदलत होता, मॅपमध्ये डोन्ट केअर नीट धरला जात नव्हता, अशा जातीचे दोष कोणीतरी वापरता वापरता पकडलेले आणि कळवलेले असतात. कळवणाऱ्याला कोणी पदवी विचारत नाही. दोष कसा दिसला, कुठलं सर्किट होतं आणि कुठली आवृत्ती, एवढंच विचारतात.